वेड्याची साक्ष : 'झाक्यूझ' आणि युद्धभयपटाचा आरंभ

सैनिकाला वेड लागले म्हणजे नेमके काय झाले, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रथम वैद्यकाने दिले, मग लष्करी न्यायव्यवस्थेने दिले आणि त्यानंतर चित्रपटाने. ही तीन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. युद्धभयपट या प्रकाराचा उगम केवळ भीतीच्या आकर्षणात न शोधता या विसंवादात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेस धक्का बसतो, असे त्या संज्ञेत गृहीत होते. पण स्फोटाजवळ कधीही नसलेल्या सैनिकांमध्येही मूकत्व, कंप, लुळेपणा ही लक्षणे दिसू लागली, तेव्हा कारण स्फोटातून उचलून सैनिकाच्या स्वभावात ठेवले गेले. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने या संज्ञेच्या वापरावरच निर्बंध घातले. फ्रान्समध्ये बाबिन्स्की यांचा सिद्धांत प्रभावी होता: अशी लक्षणे सूचनेने निर्माण होतात, म्हणून ती मनधरणीने घालवताही येतात. तूर येथील लष्करी रुग्णालयात क्लोव्हिस व्हँसाँ यांनी या मनधरणीस विजेच्या तीव्र झटक्यांची जोड दिली. १९१६ मध्ये बातिस्त देशाँ या सैनिकाने हे उपचार नाकारले आणि डॉक्टरवर हात उगारला. त्याच्यावर खटला भरला गेला. शिक्षा नाममात्र झाली. परंतु सैनिकाचे शरीर कोणाचे, त्याचे की राष्ट्राचे, हा प्रश्न त्यामुळे वृत्तपत्रांतून उघडपणे चर्चिला गेला.

या पार्श्वभूमीवर आबेल गान्सचा मूकपट 'झाक्यूझ' एप्रिल १९१९ मध्ये पडद्यावर आला. 'मी आरोप करतो' हा शीर्षकाचा अर्थ. एमिल झोलाने १८९८ मध्ये ड्रेफस प्रकरणी लिहिलेल्या पत्राचे हे शीर्षक गान्सने जाणीवपूर्वक उचलले. झोलाचा आरोप नावानिशी होता: अमुक सेनाधिकाऱ्याने अमुक अन्याय केला. गान्सचा आरोप मात्र क्रियापदाशी थांबतो. त्याचे कर्म काय, हे प्रेक्षकाला शोधावे लागते.

चित्रपटाचा नायक झाँ दियाझ हा प्रोव्हान्समधील कवी. सूर्य आणि शांती हे त्याच्या कवितेचे विषय. तो ज्या एदितवर प्रेम करतो तिचा पती फ्रांस्वा आणि तो, दोघे एकाच खंदकात येतात. फ्रांस्वा मरतो आणि दियाझला वेड लागते. तो गावी परततो, मृतांच्या आप्तांना निरोप धाडून एकत्र जमवतो आणि आपण पाहिलेले सांगतो: रात्री रणभूमीवरचे मृत सैनिक उठले आणि आपल्या मरणाचे चीज झाले की नाही हे पाहण्यासाठी घराकडे निघाले. मग ते मृत खरोखरच दाराशी येतात. मागे राहिलेल्यांनी केलेली प्रतारणा, नफेखोरी, विस्मरण यांची कबुली मिळाल्यावर ते परत फिरतात.

तोदोरॉव्हने १९७० मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली तिच्यात नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता केंद्रस्थानी आहे. येथे ही दोलायमानता निव्वळ रचनातंत्र उरत नाही, ती राजकीय होते. वेड्याची साक्ष न्यायालय ग्राह्य धरत नाही. दियाझ भ्रमिष्ट असेल तर आरोप फेटाळला जातो. मृत खरेच आले असतील तर आरोप सिद्ध होतो. सैनिकाच्या वेडात रुग्णालयाने दुर्बलता किंवा ढोंग पाहिले. गान्सने त्यात साक्षीचा एक प्रकार पाहिला.

तरीही या आरोपाची मर्यादा स्पष्ट आहे. चित्रीकरणास सैन्याच्या चित्रपट विभागाचे साहाय्य होते. सप्टेंबर १९१८ मधील सँ-मिइएलच्या लढाईची खरी दृश्ये त्यात आहेत. मृतांच्या भूमिकेत रजेवर आलेले खरे सैनिक होते आणि रजा संपताच त्यांना आघाडीवर परतायचे होते. त्यांतील बहुतेक पुढे मारले गेले, असे गान्स नंतर सांगत असे. १९१५ मध्ये उजवा हात गमावलेला कवी ब्लेझ साँद्रार गान्सचा सहायक होता आणि त्या मृतांमध्येही दिसतो. अशा देहांपुढे अभिनय हा शब्द अपुरा पडतो. पण पडद्यावर हे सैनिक जाब विचारतात तो सेनापतींना नव्हे, गावकऱ्यांना. राज्यसंस्थेने पुरवलेले मृत राज्यसंस्थेवर बोट ठेवत नाहीत.

गान्सने १९३८ मध्ये हाच विषय बोलपटात पुन्हा हाताळला, तेव्हा ही त्रुटी त्याला जाणवली असावी. आता दियाझ कवी नाही, संशोधक आहे. शांततेसाठी लावलेला त्याचा शोध युद्धासाठी बळकावला जातो. व्हेर्दँच्या मृतांना तो हाक देतो आणि त्यांची पावले एका गावाकडे न वळता साऱ्या जगाकडे वळतात. त्यांत चेहरे विद्रूप झालेले खरे माजी सैनिक आहेत. त्यांना भ्रम म्हणण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. पुढच्याच वर्षी युद्ध आले. मृतांची साक्ष ऐकली गेली, पण मानली गेली नाही.

हा आरोप पुढे कोठवर गेला, हे दुसऱ्या एका देशाच्या चित्रपटावरून कळते. १९६४ ते १९७३ या काळात दक्षिण कोरियाने तीन लाखांहून अधिक सैनिक व्हिएतनामला पाठवले. तेथे या सैन्याने नागरिकांच्या केलेल्या हत्यांविषयी 'हांग्योरे २१' या साप्ताहिकाने १९९९ पासून लिहिले आणि देशात मोठे वादळ उठले. २००४ मध्ये गाँग सू-चांगचा 'आर-पॉइंट' आला. १९७२ मध्ये एक तुकडी बेपत्ता सैनिकांच्या शोधात निघते आणि हळूहळू आपले भान गमावून एकमेकांचे प्राण घेते. हात रक्ताने माखलेले परतणार नाहीत, अशा अर्थाचा शिलालेख त्यांना वाटेतच भेटतो. गान्सचे मृत प्रथम घरच्यांना, नंतर जगाला जाब विचारतात. येथे जाब खुद्द सैनिकाला विचारला जातो. तो बळीही आहे आणि अपराधीही.

मराठीत माणूस वेडा 'होतो', तसेच त्याला वेड 'लागते'. पहिल्या प्रयोगात कर्ता माणूस आहे. दुसऱ्यात वेड हाच कर्ता आहे आणि ते बाहेरून येते. लष्करी वैद्यकाने पहिला प्रयोग पत्करला, युद्धभयपटाने दुसरा. मात्र जे बाहेरून लागले ते कोणी लावले, हे विचारल्यावाचून दुसरा प्रयोग पूर्ण होत नाही. तो प्रश्न टाळणारा युद्धभयपट केवळ भुताची गोष्ट उरतो.