बिहीदाण्याचे कुळ

काष्ठौषधींच्या दुकानात पुडी बांधून मिळणारा आणि पाण्यात भिजताच बुळबुळीत लुआब सोडणारा बिहीदाणा कोरड्या खोकल्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जात असला, तरी हे बी ज्याच्या पोटातले, ते बिहीचे फळ प्रत्यक्ष पाहिलेला मराठी माणूस विरळाच. कॉकेशसपासून उत्तर इराणपर्यंतचा मुलूख हे या वृक्षाचे मूळ वतन. क्रीट बेटावरील किदोनिया नगराचे नाव त्यास पुढे ग्रीकांनी चिकटवले. वधूने मीलनापूर्वी बिहीचा तुकडा चावावा, असा दंडक सोलोनने घातल्याचे प्लुटार्क नमूद करतो.

१७५३ साली लिनियसने बिहीला नासपतीच्या गोत्रात दत्तक दिले. पंधरा वर्षांनी फिलिप मिलरने ‘सायडोनिया ओब्लाँगा’ हे आजचे नाव देऊन तिचा सवता सुभा कायम केला, आणि तो निवाडा मला रास्त वाटतो. कारण फळ आडवे चिरले म्हणजे नासपतीच्या एकेका कप्प्यात बहुधा दोनच बिया दिसतात, तर बिहीच्या कप्प्यात त्यांची दाटी असते. झाड ओळखण्यास मात्र चिरफाडीची गरज नाही: पालवी फुटल्यावर डहाळीच्या टोकाशी एकेकटे उमलणारे फिकट गुलाबी फूल, पानाच्या पाठीवरील लव, आणि चोळल्यास निघून जाणारी करडी लोकर पांघरलेले सोनेरी, सुगंधी फळ, एवढी साक्ष पुरे. पालवीपूर्वीच फुलणारे, ‘जपानी बिही’ म्हणवणारे काटेरी झुडूप हे निराळे. नावसाधर्म्याने फसू नये.

कच्चे फळ तुरट व दगडासारखे. मंद आचेवर साखरेत शिजवले की मात्र त्यास तांबूस वर्ण चढतो. पोर्तुगीज या पाकाची वडी थापतात. तिचेच पेरूचे भावंड म्हणजे गोव्याचे पेराद, कारण थंडीवाचून न फळणारी बिही तेथे रुजणे शक्य नव्हते.

काश्मिरात ‘बमचूंठ’ म्हणून ती अद्याप भाजीतही पडते. युरोपच्या बागाइतींत मात्र तिची खरी चाकरी जमिनीलगत चालते. हिवाळ्यात लावलेल्या तिच्या छाटकलमांना मुळे सहज फुटतात, आणि त्या खुंटावर बांधलेली नासपती ठेंगणी राहून लवकर फळास येते. सर्वच नासपतींचे तिच्याशी पटते असे नाही. बार्टलेट जातीचा तर सांधाच धरत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये ‘ब्यूरे हार्डी’ या तिसऱ्याच नासपतीची कांडी मध्यस्थ म्हणून बांधण्याची तजवीज बागवानास करावी लागते.