सायबर छळ (मुलांचा)

मोबाइल, संगणक किंवा इंटरनेटशी जोडलेल्या अन्य साधनांद्वारे एखाद्या मुलाला हेतुपुरस्सर व वारंवार त्रास देणे, त्याची बदनामी करणे किंवा त्याला सोबत्यांच्या गटातून वाळीत टाकणे, यास सायबर छळ म्हणतात. शालेय दांडगाईच्या अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता ही छळाची तीन लक्षणे मानली. इंटरनेटवर त्यांपैकी शेवटच्या दोहोंचे रूप पालटते. कारण एकदाच टाकलेले छायाचित्र इतरांनी पुढे पाठवत राहिल्याने पुनरावृत्ती आपोआप घडते आणि अंगाने किरकोळ असलेल्या मुलालाही बनावट खात्याच्या आडून वरचढ होता येते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातील शेरेबाजी, दुसऱ्याच्या नावाने उघडलेले खाते, ऑनलाइन खेळातील शिवीगाळ, पत्ता वा फोन क्रमांक चव्हाट्यावर मांडणे (डॉक्सिंग) आणि चेहरा दुसऱ्या देहावर जोडून केलेली खोटी चित्रे (मॉर्फिंग) ही त्याची नेहमी आढळणारी रूपे होत.

छळ होत असलेले मूल बहुधा घरी बोलत नाही. लाज हे त्याचे एक कारण असले, तरी सांगितल्यास फोनच काढून घेतला जाईल ही भीतीही तितकीच मोठी असते, आणि पालकांच्या नेहमीच्या वर्तनामुळे ती निराधारही म्हणता येत नाही. त्यामुळे तक्रार ऐकताच फोन जप्त करणे म्हणजे सोसणाऱ्यालाच शिक्षा देणे ठरते. आधी शांतपणे ऐकून घेणे, उलट उत्तर न देता संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपणे आणि त्यानंतर त्रास देणाऱ्यास ब्लॉक करून त्या माध्यमाकडे तक्रार नोंदवणे, हा क्रम हितकर असतो. मजकूर मुलाच्या नग्न वा लैंगिक चित्राचा असेल, तर मात्र पुरावा म्हणूनही त्याच्या प्रती काढू वा पाठवू नयेत, कारण तसे साहित्य जमवणे व पसरवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब खाली अपराध आहे. अशा वेळी दुवा व खात्याचे नाव टिपून ठेवणे पुरेसे होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संबंधित व्यक्तीची किंवा तिच्या वतीने तक्रार आल्यावर समाजमाध्यमांनी असे चित्र ठरावीक अल्प मुदतीत हटवणे अपेक्षित आहे.

भारतीय कायद्यात सायबर छळ हा स्वतंत्र अपराध नाही. आक्षेपार्ह संदेशांसाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली संदिग्धतेमुळे रद्द केले. त्यामुळे प्रसंगानुसार खाजगीपणाचा भंग (त्याच अधिनियमाचे कलम ६६ई), भारतीय न्याय संहितेतील पाठलाग व धमकी, किंवा बालकांवरील लैंगिक अपराधांविषयीचा २०१२ चा पॉक्सो अधिनियम यांचा आधार घ्यावा लागतो. छळणाराही अनेकदा अल्पवयीनच असतो, तेव्हा प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. शिक्षेपेक्षा समज व समुपदेशन यांना तेथे अधिक वाव असतो आणि बहुतेक प्रकरणांत तेच इष्टही असते. प्रकार शाळेबाहेर घडला, एवढ्यावरून शाळेला हात झटकता येऊ नयेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध अधिनियमाने शिक्षणसंस्थेच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही ठिकाणच्या रॅगिंगला मनाई केली असून, त्याच्या व्याख्येत मानसिक इजा करणारी कृत्येही येतात. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे हे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य आहे. या कायद्याचा विचार महाविद्यालयांपुरताच होतो, ही त्याच्या अंमलबजावणीतील उणीव होय.

मदतीसाठी बालकांची १०९८ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर बालकांच्या लैंगिक चित्रांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा दूरध्वनी क्रमांक मात्र मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे.