सांधा बदलला, पण ब्रेक?

'सी' भाषेतील 'स्विच' शिकवताना दर वर्षी एकच प्रश्न पुढे येतो: दुसरा पर्याय निवडला असता तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायांची उत्तरेही पडद्यावर का उमटतात? 'प्रत्येक पर्यायाच्या शेवटी ब्रेक लिहा' एवढे सांगून पुढे जाता येते; परंतु नियमामागचा इतिहास कळल्याखेरीज तो मनात ठसत नाही.

आरंभीच्या भाषांत नियंत्रण 'गो टू'च्या आज्ञेने हव्या त्या ओळीवर उडी घेई. १९५७ च्या फोरट्रानमध्ये संख्येनुसार अनेक ओळींपैकी एकीवर जाण्याची सोय होती; आल्गोल ६० मध्ये अशा खुणांच्या यादीलाच 'स्विच' हे नाव मिळाले. मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी 'गो टू'च्या अनिर्बंध वापरावर पत्ररूपाने कठोर टीका केली आणि सुरचित लेखनाच्या विचाराला बळ आले.

याच सुमारास दोन वाटा फुटल्या. वर्थ आणि होअर यांच्या आल्गोल डब्ल्यूत 'केस' रचनेतून निवडलेला एकच पर्याय चाले. पुढे वर्थ यांच्या पास्कलनेही तीच वाट धरली. दुसरी वाट मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलची. तिच्यातून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांची 'बी' आणि तिच्यातून डेनिस रिची यांची 'सी' घडली. येथे 'केस' ही केवळ खूण राहिली. नियंत्रण तेथे उतरते आणि ब्रेक भेटेपर्यंत खाली वाहत जाते. यंत्राच्या निकट राहणाऱ्या भाषेला हे सोयीचे होते: कंपायलरला पत्त्यांचे कोष्टक करून थेट उडी घेता येई आणि अनेक पर्यायांना एकच काम वाटून देता येई. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा 'सी'मध्ये लिहिला गेला आणि ही रीत सर्वत्र पसरली.

तिची किंमतही मोजावी लागली. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टीचे दूर पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. कारण होते 'सी'तील स्विचमध्ये चुकीच्या जागी पडलेला एक ब्रेक. नंतरच्या भाषांनी धडा घेतला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या 'गो' भाषेत स्पष्ट सांगितल्याशिवाय नियंत्रण पुढच्या पर्यायात शिरत नाही. 'रस्ट'मध्ये एखादी शक्यता हाताळायची राहिली, तर कंपायलर आज्ञावली स्वीकारतच नाही.

म्हणून मी प्रथम ब्रेकविना आज्ञावली फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थ्यांना ओळीओळीवरून बोट फिरवायला लावतो. एकदा एक मुलगी उद्गारली, "सर, सांधा बदलला, पण ब्रेक लावलाच नाही, गाडी पुढच्या स्टेशनातही शिरली!" त्या वाक्यात सारा धडा आला होता.

महाराष्ट्रापासून दूर, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकून संगणकाचे काय होणार, हा प्रश्न आपल्या पालकांना आजही विचारला जातो. आज्ञावलीतील शब्द इंग्रजी असतील, 'का?' हा प्रश्न मात्र मूल आपल्याच भाषेत विचारते, आणि उत्तरही त्याला त्याच भाषेत उमगते. हीरक महोत्सवाच्या या वर्षी शाळेने तो प्रश्न असाच जागता ठेवावा, एवढीच इच्छा.