रुप्याची साक्ष

लंडनच्या लिलावाच्या यादींत रुप्याच्या एखाद्या जुन्या चमच्याची हकीगत वाचतांना आम्हांस नेहमीं थोडा मत्सर वाटतो. चमचा तो केवढा! परंतु त्याच्या दांड्यावरील बारीक छाप त्याची कुळकथा सांगतात. चालता सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध रुपें. बिबट्याचें मुख म्हणजे लंडनची पारख, ही खूण १३०० सालच्या कायद्यापासूनची. एक अक्षर सालाचें. आणि कारागिराचीं आद्याक्षरें. हेस्टर बेटमन या विधवेनें १७६१ सालीं आपला छाप नोंदविला. तिला सहीहि करितां येत नसे म्हणतात. पण तिचें नांव त्या छापानें राखलें.

आतां आपल्याकडील एक लिलाव पाहूं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले व पुढील वर्षीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. हत्ती, घोडे, बैल मातीमोलानें विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यास हॅमिल्टन कंपनीच्या लिलावांत गेलें. योग असा, कीं हीच पेढी साहेबलोकांच्या मेजावरील रुप्याचीं भांडीं घडवी आणि त्यांवर विलायती धर्तीचे छाप उठवी. तिची चहादाणी आज ओळखूं येते. भोसल्यांच्या अलंकारांची ओळख मात्र बहुतेक बाजारांतच मोडली.

उलट दाखला २०२५ सालचा. त्या एप्रिलांत लंडनच्या सदबीज् पेढीच्या लिलावांत पहिल्या रघूजींची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें ४७ लाख रुपयांस सोडविली. ती ओळखली कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत धन्याचें नांव व 'सेनासाहेबसुभा' हा किताब होता म्हणून.

आमच्या गडहिंग्लज भागांत आहेराच्या पितळी भांड्यावरहि नांव घालितात. पण आजीचें रुप्याचें तबक नातीच्या पैंजणांसाठीं खुशाल मुशींत जातें. हुपरीचे कुशल कारागीर जवळच. नवा दागिना उत्तम होतो. आमच्याच घरचें तबक असें गेलें. तें कोणीं घडविलें, कोणीं दिलें, हें सांगणारें आतां कोणी नाहीं. मोड करूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. गरज कोणास चुकली आहे? इंग्रजांनींहि आपल्या यादवी युद्धांत पुष्कळ भांडीं आटवून नाणीं पाडलीं. मात्र भांडें सराफाकडे नेण्यापूर्वीं त्याचें वजन, घडण आणि देणाऱ्याचें नांव एका वहींत टिपून ठेवावें. रुपें पुन्हां मिळतें; साक्ष मिळत नाहीं.