करमाफीचा कौल : लुईझियाना संस्थानांतील एक प्रकरण

ओसाड पडलेलें गांव पुन्हा वसवावयाचें असलें, किंवा कसब्याशेजारीं नवी पेठ भरवावयाची असली, म्हणजे पेशवाईंत सरकारांतून कौल निघत असे. उदम्यांनीं व कारागिरांनीं यावें, घरें बांधावींत, दुकानें मांडावींत. अमुक वर्षें पट्टी माफ, पुढें ती इस्ताव्यानें थोडी थोडी चढत जाईल, असा त्या कौलाचा आशय असे. सरकार जी पट्टी सोडी ती मुख्यतः आपल्याच खजिन्याची. आणि पेठ भरली कीं त्याच खजिन्यांत ती व्याजासह परत येईल अशी त्यामागें आशा असे. देणारा, सोसणारा आणि पुढें लाभणारा बहुधा एकच होता.

विसाव्या शतकांत हाच कौल अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निराळ्या नांवानें निघाला. नवा कारखाना घाला, असलेला कारखाना वाढवा, लोकांस काम द्या. त्या वाढलेल्या मिळकतीवरील स्थानिक कर कांहीं वर्षें माफ. अशी वचनें आज त्या देशांतील बहुतेक सर्व संस्थानांत दिलीं जातात. परंतु ज्या एका संस्थानांत हा कौल अत्यंत मोकळ्या हातानें आणि दीर्घकाळ दिला गेला, त्याचा इतिहास विशेष बोधप्रद आहे; कारण तेथें देणारा एक आणि सोसणारा दुसरा, अशी स्थिति ऐंशीं वर्षें टिकून राहिली. तें संस्थान म्हणजे मिसिसिपी नदीच्या मुखाशीं असलेलें लुईझियाना.

लुईझियानांत जिल्ह्यास ‘पॅरिश’ म्हणतात. अशा ६४ पॅरिश तेथें आहेत. शाळा, पोलिसाचें काम पाहणारा लोकनियुक्त शेरीफ, पुरापासून रक्षण करणारे नदीचे बांध, ग्रंथालयें, रस्ते व गटारें यांचा खर्च बऱ्याच अंशीं पॅरिशमधील घरें, जमिनी, दुकानें, यंत्रें यांवरील करांतून भागतो. राजधानी बॅटन रूज येथें १९०९ सालीं स्टँडर्ड ऑईल कंपनीनें नदीकाठीं तेलशुद्धीचा कारखाना घातला. पाहतां पाहतां तो अवाढव्य झाला, आणि शहराचें पोट त्याच्यावर अवलंबून राहूं लागलें. ज्या कारखान्यावर गांव जगतें त्याच्याकडून कर घ्यावा तरी किती, हा प्रश्न तेव्हांपासूनच त्या शहराच्या दारांत उभा होता.

१९२८ सालीं ह्यूई लाँग हा तेथें गव्हर्नर झाला. उत्तरेकडील गरीब टेंकडवट मुलखांत वाढलेला हा वकील मोठा वक्ता होता, तसाच मोठा हट्टी. शाळेंतील प्रत्येक मुलास क्रमिक पुस्तकें फुकट मिळावींत ही त्याची पहिली प्रतिज्ञा होती. आणि जमिनींतून निघणारें तेल व इतर संपत्ति यांवरील कर वाढवून त्यानें ती पुरीहि केली. पुढील वर्षीं, म्हणजे १९२९ च्या मार्च महिन्यांत, त्यानें शुद्ध केलेल्या तेलावर दर पिंपामागें पांच सेंट कर बसविण्याचा प्रस्ताव कायदेमंडळापुढें आणला. त्याचा रोख स्टँडर्ड ऑईलवर होता हें कोणापासूनहि लपलेलें नव्हतें. एकच गदारोळ उडाला. कर राहिला बाजूला, आणि प्रतिनिधिगृहानें गव्हर्नरवरच दोषारोप ठेवून त्यास पदच्युत करण्याचा घाट घातला. सेनेटमधील १५ सभासदांनीं, कांहींहि झालें तरी आपण त्याच्याविरुद्ध मत देणार नाहीं, असें लेखी दिलें, म्हणून तो वांचला. पांच सेंटांचा कर मात्र वांचला नाहीं.

ही सल लाँगच्या मनांतून कधींच गेली नाहीं. पुढें तो वॉशिंग्टनला सेनेटर म्हणून गेला, तरी लुईझियानाचा कारभार त्याच्याच तंत्रानें चाले. १९३४ च्या डिसेंबरांत त्यानें तोच पांच सेंटांचा कर कायदेमंडळाकडून मंजूर करवून घेतला. कंपनीनें कामगार कमी करण्याची भाषा सुरू केली. कामावरून जाण्याच्या धास्तीनें बॅटन रूजमध्यें माणसें रस्त्यावर आलीं. ‘स्क्वेअर डील असोसिएशन’ नांवाची संघटना निघाली आणि १९३५ च्या जानेवारींत तिच्या हत्यारबंद लोकांनीं पॅरिशच्या कचेरीचा ताबा घेतला. लष्करी कायदा पुकारला गेला व दुसऱ्याच दिवशीं विमानतळावर तें बंड मोडलें. तोंवर लाँग व कंपनी यांच्यांत तडजोड झाली होती. लुईझियानांतील विहिरींचेंच तेल कंपनीनें मुख्यत्वेंकरून शुद्ध केल्यास पांचांपैकीं चार सेंट परत मिळावयाचे होते. कराची अक्षरें कायद्यांत राहिलीं, रक्कम बरीचशी गेली. त्याच वर्षीं ८ सप्टेंबर रोजीं, आपणच बांधविलेल्या ३४ मजली विधानभवनांत, लाँगवर गोळी झाडली गेली आणि दोन दिवसांनीं तो मरण पावला.

हा प्रसंग येथें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, त्याच्या लागलीच मागून जें घडलें तें अगदीं उलट दिशेचें होतें. १९३६ सालीं लाँगच्याच पक्षाचा रिचर्ड लेश गव्हर्नर झाला. मंदीनें हातपाय गाळलेल्या संस्थानांत उद्योग आले पाहिजेत, आणि उद्योगपतींच्या मनांतील भीति गेली पाहिजे, असें वातावरण होतें. त्या वर्षीं संस्थानच्या घटनेंत दुरुस्ती होऊन नव्या कारखान्यांस, आणि जुन्या कारखान्यांच्या वाढीसहि, दहा वर्षेंपर्यंत मिळकतीवरील करांची माफी देण्याची तरतूद झाली. अर्ज करावयाचा तो संस्थानच्या व्यापार-उद्योग मंडळाकडे. मंजुरी द्यावयाची त्या मंडळानें व गव्हर्नरनें. जी पॅरिश, जें स्कूल बोर्ड, जो शेरीफ ह्या करावर आपला खर्च चालवी, त्यांस विचारण्याची गरज ठेवली नव्हती. किती माणसांस काम द्यावें लागेल, याचाहि आंकडा घटनेंत घातला नव्हता. लेश स्वतः १९३९ सालीं भ्रष्टाचाराच्या बोभाट्यांत पदत्याग करून गेला व पुढें त्यास तुरुंगवास घडला. त्याच्या कारकीर्दींतील ही माफी मात्र त्याच्यामागें टिकून राहिली.

याच १९३६ सालीं शेजारच्या मिसिसिपी संस्थानानेंहि उद्योगांस बोलावण्याचा कायदा केला. गव्हर्नर ह्यू व्हाइट हा लांकडाचा व्यापारी. जंगलें तुटलीं तशा गिरण्या बंद पडलेल्या त्यानें डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. त्याच्या योजनेप्रमाणें गांवानें कर्जरोखे काढून कारखान्याची इमारत बांधावयाची व ती कंपनीस भाड्यानें द्यावयाची. ह्या योजनेंतहि दोष होते. बरेचसे कारखाने शिवणकामाचे व मोजे विणण्याचे, मजुरी तुटपुंजी. आणि काळ्या कामगारांस त्यांत जवळजवळ मज्जाव होता. परंतु एक गोष्ट त्यांत होती. गांवच्या मतदारांनीं निवडणुकीस जमून दोनतृतीयांश मतांनीं होकार दिल्यावांचून रोखे काढतां येत नसत. भार ज्याच्या पाठीवर पडणार त्याला तो उचलण्यापूर्वीं विचारलें जाई. लुईझियानांत नेमकें हेंच नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धानें लुईझियानाच्या नदीकाठास नवें रूप दिलें. विमानांचें पेट्रोल, कृत्रिम रबर यांची मागणी वाढली. युद्धानंतर बॅटन रूजपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत रसायनांच्या कारखान्यांची रांगच लागली. माफीमुळें हे कारखाने आले, असें माफीचे कैवारी सांगत. माफी नसती तरी नदी, बंदर, तेल व वायु सोडून ते कोठें जाणार होते, असा विरोधकांचा सवाल असे. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. टेक्सासचा किनारा जवळच होता आणि तेल तेथेंहि होतें. आणि हेंहि खरें कीं नळ, धक्के आणि भट्ट्या घालून बसलेला कारखाना उद्यां उचलून नेतां येत नाहीं. अशा सवलतींचा अभ्यास करणारे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टिमथी बार्टिक यांनीं २०१८ सालीं अनेक संशोधनांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला कीं, सवलत मिळालेल्या शंभर उद्योगांपैकीं फार तर दोन ते पंचवीस उद्योगांचा निर्णय त्या सवलतीमुळें फिरला असावा. उरलेले सवलतीवांचूनहि तेथेंच आले असते.

१९७४ च्या नव्या घटनेनें ही माफी कायम ठेवली. पांच वर्षें आणि नूतनीकरण करून आणखी पांच, असा तिचा क्रम ठरला. कागदावर दहा वर्षांची वाटणारी ही माफी व्यवहारांत मात्र त्याहून लांब पडे. यंत्र दरसाल झिजतें व त्याची आकारणीची किंमत उतरते. दहा वर्षांनीं तें कराच्या वहींत चढे, तेव्हां त्याची उमेद उतरलेली असे. तोंवर कारखान्याला नवी शाखा फुटलेली असे, आणि वाढीसहि माफी असल्यानें तिची दहा वर्षें पुन्हा नव्यानें सुरू होत. अशा रीतीनें गांवाच्या वेशीवरील सर्वांत मोठी मिळकत गांवाच्या वहींत नेहमींच लहान दिसे. पेशवाई इस्ताव्यांत पट्टी वर्षागणिक चढत जाई. येथें तर किंमतच वर्षागणिक उतरत जाई.

मग शाळांचा आणि बांधांचा खर्च कोणी केला? लहान घरमालकास घरावरील करांत पूर्वींपासूनच कांहीं सूट होती, ती काढून घेणें कोणत्याहि पुढाऱ्यास शक्य नव्हतें. राहिले दुकानदार, भाड्याच्या इमारतींचे मालक आणि बाजारांतून सामान नेणारा सर्वसाधारण माणूस. विक्रीवरील संस्थानिक व स्थानिक कर मिळून ज्या संस्थानांत भार सर्वांत जड पडतो, त्यांत लुईझियानाची गणना होते. विक्रीकर हा गरीब व श्रीमंत यांच्याकडून सारख्याच दरानें घेतला जातो. म्हणून गरिबाच्या मिळकतींतील त्याचा हिस्सा मोठा होतो.

ही माफी नेमकी केवढी आहे, हें बहुतेक नागरिकांस दीर्घकाळ ठाऊकच नव्हतें. जो पैसा जमाच झाला नाहीं तो खर्चाच्या अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. २०१५ सालीं अमेरिकेंतील सरकारी हिशेबांचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें, करमाफीमुळें बुडालेला महसूल संस्थांनीं आपल्या हिशेबांत दाखवावा, असा नियम केला. लुईझियानांत देवालयें, शिक्षकांच्या संघटना व नागरिक यांच्या एका संयुक्त चळवळीनेंहि जुन्या अर्जांचीं दप्तरें उलगडून त्यांची बेरीज लोकांपुढें मांडली. संस्थानच्या अंदाजपत्रकांत त्या वेळीं मोठी तूट होती. २४ जून २०१६ रोजीं गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनीं हुकूम काढला कीं, यापुढें माफी हवी असेल तर रोजगाराचें वचन दिलें पाहिजे, आणि पॅरिशची सभा, नगरपालिका, स्कूल बोर्ड व शेरीफ यांची संमति मिळविली पाहिजे. ऐंशीं वर्षांनीं सोसणाऱ्यास विचारण्याचा प्रघात सुरू झाला.

त्याची कसोटी बॅटन रूजमध्येंच लागली. स्टँडर्ड ऑईलचा तो जुना कारखाना आतां एक्सॉनमोबिल कंपनीचा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरांत कंपनीच्या माफीच्या अर्जांविरुद्ध ईस्ट बॅटन रूज पॅरिशच्या शिक्षकांनीं एक दिवस काम बंद ठेवण्याचा निर्णय बहुतेक एकमुखानें घेतला. अर्जांचा विचार त्या वेळेपुरता मागें पडला, म्हणून तो संप झाला नाहीं. पुढें जानेवारी २०१९ मध्यें अर्ज स्कूल बोर्डापुढें आला. सभागृह शिक्षकांनीं, पालकांनीं आणि कंपनीच्या बाजूच्या लोकांनींहि भरून गेलें होतें. कंपनीच्या बाजूचे म्हणत कीं, हिनें शंभर वर्षें शहर पोसलें आहे. आज दार लोटलें तर उद्यांची गुंतवणूक दुसऱ्या संस्थानांत जाईल. विरोधक म्हणत कीं, ज्या कामांसाठीं माफी मागितली आहे तीं कामें पुरींहि झालीं आहेत. झालेल्या कामास उत्तेजन तें कसलें? बोर्डानें पांच विरुद्ध चार मतांनीं अर्ज फेटाळला. ज्या कंपनीच्या करावरून १९२९ सालीं एक गव्हर्नर जातां जातां राहिला, तिच्यापुढें शाळांची व्यवस्था पाहणाऱ्या पांच सभासदांनीं ‘नाहीं’ म्हटलें.

हा निकाल कंपन्यांस रुचला नाहीं, आणि प्रकरण तेथें संपलेंहि नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत नवे गव्हर्नर जेफ लँड्री यांनीं दुसरा हुकूम काढून रोजगाराची अट काढून टाकली व स्थानिक संमतीची रीतहि बदलली. एका हुकमानें आलेला अधिकार दुसऱ्या हुकमानें आकुंचित झाला. कारण घटनेंतील १९३६ चें मूळ वचन जसेंच्या तसें उभें होतें.

उद्योगांस कौल देऊं नये, असा ह्या इतिहासाचा अर्थ काढणें बरोबर होणार नाहीं. ज्या गांवांत काम नाहीं तेथील लोकांनीं चार वर्षांचा कर सोडून कारखाना बोलाविला, तर त्यांस अव्यवहारी म्हणतां येणार नाहीं. परंतु कौलाची मुदत खरोखर संपणारी असावी, त्याच्या बदल्यांत काय मिळावयाचें तें आंकड्यांत लिहिलेलें असावें, आणि ज्याच्या ताटांतून घांस काढावयाचा त्याला आधीं विचारलेलें असावें, हें शहाणपण बॅटन रूजच्या नदीकाठानें बरीच किंमत देऊन शिकविलें आहे. दुसऱ्याच्या खजिन्यावर औदार्य करणें सर्वांनाच सोपें जातें. त्या औदार्याचा हिशेब मात्र कोठल्या तरी शाळेच्या गळक्या छपराखालीं, नाहीं तर दुकानांत पीठ-मीठ घेणाऱ्या माणसाच्या पावतीवर, केव्हां ना केव्हां मांडला जातोच.