हिरड्यांवर दिसणारी गोळी

वऱ्हाडातल्या मिरगीचा विषय निघाला की बोलणं कांदा, चप्पल आणि सैलानीपाशी येऊन थांबतं. झटका आलेल्याच्या नाकाशी फोडलेला कांदा किंवा चप्पल धरायची, हातात किल्ल्या कोंबायच्या, तेवढ्यानं भागलं नाही तर बुलढाण्यात सैलानी बाबांच्या दर्ग्याला न्यायचं. यावरून काढलेला निष्कर्षही ठरलेला असतो: लोक अडाणी, म्हणून औषध घेत नाहीत. मला तो अपुरा वाटतो. माणूस गोळी सुरूच का करत नाही, हे अंधश्रद्धेनं कळतं. सुरू केलेली गोळी मध्येच का सोडतो, हे कळत नाही. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी गोळीतच आहे.

मिरगीवरचं पहिलं खरोखर उपयोगी औषध ब्रोमाइड, १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी पुढं आणलेलं. १८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, तेव्हा मुंबईचा औषधबाजार वऱ्हाडाला फार दूर राहिला नव्हता. पण ब्रोमाइडनं झटक्यांबरोबर माणूसही मंदावे, अंगावर पुरळ उठे. १९१२ मध्ये जर्मनीच्या हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटोनचा गुण दाखवला. आपल्याकडं ते ‘गार्डिनाल’ म्हणून ओळखीचं झालं. स्वस्त आणि कामाचं, पण पेंग आणणारं. १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइनचा उपयोग सिद्ध केला, तेच आपलं ‘एप्टॉइन’. यानं झोप फारशी येत नाही, ही मोठी सोय होती. मात्र पुढच्याच वर्षी हिरड्या सुजण्याची नोंद झाली. हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात, काहींच्या चेहऱ्यावर लव वाढते, चेहरा राठ दिसू लागतो. मात्रा थोडी वाढली तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. मग एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, चाल झोकांड्या खाते. थेंबही न घेतलेला माणूस पारावरच्या लोकांना प्यालेला वाटतो.

आता हे लग्नाच्या बाजूनं पाहा. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे मिरगीचे झटके विवाहाच्या अपात्रतेत घातले, म्हणजे विवाह रद्द करून घेण्याला आधार मिळाला. तो काढला गेला १९९९ मध्ये. ही तेवीस वर्षं लपवण्याला कायद्यानंच कारण दिलं होतं (कायद्याआधी आणि नंतरही समाजानं दिलंच, हा भाग वेगळा). आणि लपवायचं कसं? झटका वर्षातून दोनदा येईल, हिरड्या रोज दिसतात. मुलगी दाखवायच्या आधी गोळी बंद करणं हा म्हणूनच अडाणीपणा नव्हता, तो हिशेब होता. हिशेब चुकीचा, कारण गोळी एकदम तोडली तर झटक्यांमागून झटके येऊन जीव जाऊ शकतो. पण हा धोका माहीतच नसताना कोणी हिशेब करत असेल, तर दोष एकट्या त्याच्या माथी मारता येत नाही.

यावर डॉक्टरमंडळींचा आक्षेप असा, की दुष्परिणाम सांगितले तर आहे तीही गोळी सुटेल. आक्षेप पोकळ नाही, भीती खरीच असते. पण न सांगितल्यानं हिरडी सुजायची थांबत नाही; घरच्यांना ती रोग बळावल्याची खूण वाटते, किंवा करणीची. शिवाय माहितीनं भीती कमीही होते. फिनोबार्बिटोननं मुलं चिडचिडी, चंचल होतात अशी ख्याती होती. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांच्या चाचणीत फेनिटॉइनच्या तुलनेत वागणुकीचे त्रास जास्त आढळले नाहीत. हिरड्यांचंही तसंच. दात नीट घासले तर सूज आटोक्यात राहते, औषध बदलूनही घेता येतं. हे ज्याला माहीत आहे तो गोळी फेकण्याआधी डॉक्टरकडं जाईल.

नवी औषधं आली म्हणून प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांनी अकोल्याचा मे महिना आठवावा. पारा पंचेचाळिशीपार जातो, आणि टोपिरामेट व झोनिसामाइड या गोळ्यांनी काही रुग्णांचा, विशेषतः मुलांचा, घाम कमी होतो. घाम नाही म्हणजे अंग थंड व्हायची वाट बंद. लंडन किंवा बॉस्टनच्या डॉक्टरला हा इशारा किरकोळ वाटू शकेल. तूर-कपाशीच्या मुलखात तो गोळी हातात देतानाच सांगावा लागतो, पोराला दुपारी शेतात पाठवू नका या शब्दांत.