खाडीची पाऊणकी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करावी लागे. पावकी-निमकी पुढे बाजारात उपयोगी पडली. पाऊणकीचं काय करायचं, हे मात्र मास्तरांनी कधी सांगितलं नाही. ते मला उतारवयात कळलं, ठाण्याच्या खाडीत, ऐरोलीच्या धक्क्यावर.

रोहित पक्षी पाहायला गेलो होतो. रोहित म्हणजे आपण ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो ते. वनखात्याच्या तिथल्या केंद्रातून बोट सुटते, तासाभरात खाडीत फिरवून आणते. त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी नावाड्याला विचारलं, ‘उद्या याच वेळेला सुटेल का?’ त्याने उलट मलाच विचारलं, ‘उद्या तिथी कोणती, काका?’ मी म्हटलं, चतुर्थी. ‘मग चार पाऊणे तीन. तीनला भरती पुरी. तुम्ही बारा-साडेबाराला या.’

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढेमागे. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास मंद असतं, तो भांग. घड्याळाच्या काट्याला काटा जुळणार नाही, आणि खाडीच्या वरच्या अंगाला भरती थोडी उशिराही पोचते. पण नाव लोटायला एवढं पुरतं.

मग भरतीच्या ऐन वेळी का जायचं नाही? कारण तेव्हा चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित उडून जातात. पूर्ण ओहोटीला पक्षी असतात, पण बोट गाळात रुतते. पक्ष्यांना उघडा गाळ हवा आणि बोटीला पाणी. दोघांचं जमतं ते मधल्या दोन-तीन तासांत. आपण तिकीट काढतो ते खरं तर या मधल्या वेळेचं.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत. त्यांच्या बुंध्याशी श्वासमुळं काड्या रोवल्यासारखी वर आलेली. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, एक खंड्या बांबूवर बसून होता. थोडं पुढे गेल्यावर नावाड्याने इंजिन बंद केलं. काही दिसेना. आमच्यातला एकजण कुरकुरला, तेव्हा तो म्हणाला, ‘थांबा जरा, येतान सगली.’ आणि खरंच, वळणापलीकडे चिखलाच्या कडेला फिकट गुलाबी रेघ दिसू लागली. जवळ गेल्यावर रेघेचे पक्षी झाले. हजारो पक्षी, माना खाली, चोची उलट्या करून पाणी गाळत असलेले. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, ‘मुंबईच्या इतकं जवळ, आणि माणसाचा हात न लागलेलं!’

त्यांचा आनंद खरा होता. पण ते वाक्य घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून जाईना. कारण या खाडीइतकं माणसाचे हात लागलेलं पाणी आपल्या किनाऱ्यावर क्वचितच असेल.

ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी, आणि राजधानी झाली ती बंदर म्हणून. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने आपल्या वृत्तांतात ‘ताना’च्या राज्याचं वर्णन केलं आहे. इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं, असं तो सांगतो. शिवाय इथल्या राजाचा चाच्यांशी करार आहे, लुटीत मिळतील ते घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा, असंही तो नोंदवतो. हे पाणी म्हणजे त्या काळचा हमरस्ता होता. रस्त्यावर जे जे चालतं, ते सगळं इथे चालत होतं, चोरीसुद्धा.

पुढे पोर्तुगीज आले. साष्टीचं बेट त्यांच्या ताब्यात गेलं. बेट म्हणजे अक्षरशः बेट. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला ठाण्याची. पलीकडून येणारा मराठ्यांचा हल्ला अडवायचा तर ही खाडी राखली पाहिजे, म्हणून पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास ठाण्याला किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणं घेतलं. १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांनी घेतलं. आज त्या किल्ल्यात ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे.

हा झाला राजांचा इतिहास. खाडीच्या काठावर दुसराही एक इतिहास घडत होता, आणि तो जास्त टिकाऊ निघाला. खाऱ्या पाण्याला बांध घालून खाजणात भातशेती करायची आणि मीठ पिकवायचं, ही कामं इथे शतकानुशतकं चालली. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यायचं, उन्हात आटवायचं, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या तळावर मिठाचे खडे धरू द्यायचे. हिवाळ्यापासून पाऊस येईपर्यंत हेच काम. आगरात राबणारे ते आगरी, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. भांडुप, कांजूर, मुलुंडच्या मिठागरांत अशी कैक पिढ्यांची मेहनत आहे. याच मिठावर इंग्रजांनी कर बसवला आणि १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या झुंडी चालून गेल्या, हे तर आपण शाळेत शिकलोच आहोत.

मग ही खाडी आपल्या नजरेआड कशी गेली? माझ्या मते त्याची सुरुवात १६ एप्रिल १८५३ रोजी झाली. त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोचली. तोवर कल्याण-भिवंडीचा माल गलबतांतून मुंबईला जात असे. तो हळूहळू रुळांवर चढला. शहराने खाडीकडे पाठ फिरवली ती तेव्हापासून. आणि ज्या गोष्टीकडे आपण पाठ करतो तिथे काय टाकतो, ते घराच्या मागच्या बाजूला पाहिलं की कळतं.

१९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई उभी राहू लागली. १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा, त्यानंतर ऐरोलीचा. कारखान्यांचं पाणी आणि दोन्ही काठांच्या वस्त्यांचा मैला, दोन्ही खाडीत येऊ लागलं. भराव आणि पुलांमुळे प्रवाह मंदावला, गाळ साचू लागला. कोळ्यांच्या जाळ्यात बोय, जिताडा, चिंबोऱ्या कमी आणि प्लॅस्टिक जास्त, अशी स्थिती झाली.

आता गंमत पाहा. नेमक्या याच काळात, १९९४ च्या सुमारास, शिवडीच्या चिखलावर रोहितांचे मोठे थवे दिसू लागले. आपल्या देशातलं त्यांचं मोठं माहेर कच्छच्या रणात. तिथे ते चिखलाची घरटी करून पिल्लं वाढवतात. तिथून आणि आजूबाजूच्या पाणवठ्यांवरून ते हिवाळ्यात इकडे येऊ लागले आणि उन्हाळा संपेपर्यंत राहू लागले. वर्षावर्षाला थवे वाढले, खाडीभर पसरले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ मधल्या गणनेत आकडा लाखाच्या वर गेला. इथे येणाऱ्यांत जास्त संख्या लहान रोहितांची. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे निळं-हिरवं शेवाळ. सांडपाण्यातल्या द्रव्यांनी हे शेवाळ माजलं आणि साचलेल्या गाळाने त्यांना उभं राहायला जागा दिली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे आपण जे डोळे भरून पाहतो, त्यात आपल्याच मोरीच्या पाण्याचा वाटा आहे.

म्हणून प्रदूषण चांगलं, असा अर्थ कुणी काढू नये. पानातलं अन्न वाढलं म्हणून त्यातलं विष कमी होत नाही. मुद्दा एवढाच की ही खाडी म्हणजे जपून ठेवलेलं अस्पर्श जंगल नाही. बंदर, मिठागर, कारखाना, गटार या सगळ्यातून गेलेलं हे पाणी आहे, आणि तरीही ते जिवंत राहिलं आहे.

आपण तिच्याकडे पुन्हा तोंड वळवलं ते अलीकडे. २६ जुलै २००५ च्या प्रलयाने तिवरांची किंमत शिकवली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीला मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात अशी तोड म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं सांगितलं. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन, उरलेलं पाणी. २०२२ मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह सुमारे ६५ चौरस किलोमीटर क्षेत्र रामसर यादीत गेलं. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर हा मान मिळालेलं महाराष्ट्रातलं हे तिसरं ठिकाण.

इतकं झाल्यावर काळजी मिटली, असं वाटेल. पण इथे पुन्हा पाऊणकी आठवावी लागते. अभयारण्याची हद्द नकाशावर काढलेली आहे. पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीने आखलेला आहे. ओहोटीला ते खाडीत चरतात. भरती आली, चिखल बुडाला, की त्यांना दुसरीकडे जाऊन उभं राहावं लागतं. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची तळी, नेरुळ-सीवूडची पाणथळ, काठांवरची मिठागरं, अशा उथळ जागा ते शोधतात. त्यांतल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. म्हणजे ओहोटीतलं त्यांचं ताट आपण राखलं. भरतीतलं त्यांचं अंथरूण राखलं का, हा प्रश्न उरतोच.

२०२४ च्या उन्हाळ्यात याची चुणूक दिसली. नेरुळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी यायचा मार्ग बुजल्याच्या तक्रारी झाल्या, तळं कोरडं पडू लागलं, आणि त्या परिसरात काही रोहित मरून पडले. त्याच मे महिन्यात घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाची थव्याला धडक बसली आणि चाळीसच्या आसपास पक्षी मेले. त्याच वर्षी कांजूर, भांडुप, मुलुंड भागांतली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. घरं हवीत, हे मला मान्य आहे. खुराड्यात राहणाऱ्या माणसाला पक्ष्यांचं कौतुक सांगणं सोपं नसतं. पण मिठागर म्हणजे रिकामी जागा, हे मात्र मला मान्य नाही. कैक पिढ्यांनी पाण्याची ये-जा सांभाळून केलेली ती जमीन आहे. भरतीच्या वेळी पाखरू तिथे उतरतं आणि पावसाचं पाणीही तिथेच विसावतं. ती बुजवली तर दोघंही दुसरी जागा शोधतील. पक्षी कदाचित गुजरातला परत जातील. पाणी आपल्याच घरात येईल.

हे सगळं मी तज्ज्ञ म्हणून सांगत नाही. बोटीतून उतरताना त्या नावाड्याला मी सहज विचारलं होतं, ‘तुम्ही पूर्वी काय करत होता?’ तो म्हणाला, मासेमारी. वडीलही तेच करायचे. आता मोसमात लोकांना पक्षी दाखवतो. खाडीने त्याच्या घराला आधी मासळी दिली, ती आटल्यावर पाखरं दिली. पुढे काय देणार, हे त्याच्या हातात नाही. ते काठावरच्या आपणा सर्वांच्या हातात आहे.

तेव्हा येत्या मोसमात जरूर जा. जाण्याआधी तिथी पाहा आणि पाऊणकी करा. गुलाबी रेघ दिसली की मनसोक्त फोटो काढा. मग थोडा वेळ मान वळवून काठाकडेही पाहा, आणि नावाड्याला एकच विचारा: भरती आली की ही सगळी कुठे जाऊन बसतात? तो हात करील ती जागा नीट पाहून ठेवा.